लंजे सरांची जागा

“झेरॉक्स नको जी, ओरिजिनल दाखवा,” डोंगरवार सर म्हणाले.

मी पिशवीतून एकेक कागद काढून त्यांच्या टेबलावर ठेवत गेलो. दहावी, बारावी, बी.एस्सी.ची तिन्ही वर्षं, बी.एड., जातीचा दाखला, आधीच्या चार शाळांनी दिलेली अनुभवाची पत्रं. डोंगरवार सर मुख्याध्यापक होते आणि निवृत्तीला दीड-दोन वर्षं राहिलेल्या माणसासारखे सावध होते. प्रत्येक कागद ते उलटून मागची कोरी बाजूही पाहत.

“बी.एड.ला मेथड कोणत्या?”

“गणित आणि विज्ञान.”

“आणि पहिला वर्ग. मंग पाच वर्षं कुठं होते?”

“रजेच्या जागांवर, सर. लाखनीला एका बाईंची बाळंतपणाची रजा होती. तिथून एका सरांचा पाय मोडला होता तिकडे गेलो. मग—”

“पूर्ण वर्ष कुठंच नाही?”

“ज्यांच्या जागेवर जायचो, ते परत यायचे.”

हे मी सरळ उत्तर म्हणून सांगितलं होतं. पण कोपऱ्यात टाइपरायटरवर बसलेले टेंभरे बाबू हसले, आणि मलाही ओशाळल्यासारखं हसावं लागलं.

ही १९९६ च्या जुलैमधली गोष्ट. गाव मोहटोली, साकोलीहून बसनं पाऊण तास. आठवी ते दहावीची शाळा, तीन लांब खोल्या, मागं तलाव. तिथले गणिताचे लंजे सर आजारी होते, आणि ते बरे होईपर्यंत कोणीतरी हवं होतं. मी एकतीस वर्षांचा होतो. आईनं आयुष्यभर विड्या वळून मला बी.एड. केलं होतं, आणि आता तिची बोटं वळत नव्हती. कायम जागेसाठी संस्थाचालकांच्या घरी जे पोचवावं लागतं ते आमच्याकडे कधीच नव्हतं. त्यामुळे कुठल्या शाळेत कोण आजारी आहे, कोण बाळंतपणाला जाणार आहे, याची चौकशी करत मी तालुकाभर सायकल फिरवायचो.

टेंभरे बाबूंनी नेमणुकीचं पत्र दिलं. त्यात एक ओळ होती, ती मला पाठ होती. आधीच्या चारही पत्रांत ती जशीच्या तशी होती: मूळ शिक्षक रजेवरून रुजू होताच आपली सेवा कोणत्याही पूर्वसूचनेशिवाय संपुष्टात येईल.

“लंजे आले की तुम्ही गेले,” डोंगरवार सर म्हणाले. “मंजूर?”

“मंजूर,” मी म्हणालो आणि सही केली.

त्याच संध्याकाळी त्यांनी मला लंजे सरांकडे पाठवलं. वर्षाचं नियोजन आणि टाचणाच्या वह्या त्यांच्या घरी होत्या.

लंजे सर पंचेचाळिशीचे होते. दोन्ही किडन्या निकामी होत आल्या होत्या. आठवड्यातून दोनदा नागपूरला नेऊन त्यांचं रक्त शुद्ध करावं लागे. मी गेलो तेव्हा ते ओसरीत खाटेवर बसले होते आणि त्यांचे पाय एका उशीवर ठेवलेले होते. घोट्यांपाशी खड्डाही दिसू नये इतके ते सुजलेले होते.

“या कापगते सर. पुष्पा, चहा ठेव ना,” ते म्हणाले आणि मला बसूही न देता पुढं बोलले, “दहावीला भूमिती कुठून सुरू करता?”

“पुस्तकात आहे तशीच. आधी व्याख्या.”

“मुलं झोपत नाहीत?”

मी त्यांच्यासमोर बसून घेतलं.

“करून दाखवा. ही समोर भिंत आहे, ती फळा समजा. मी पोरगा.”

मला वाटलं थट्टा चालली आहे. पण ते खरंच वाट पाहत होते. मी उठलो आणि भिंतीसमोर उभं राहून समरूप त्रिकोण शिकवायला लागलो. पाचव्या मिनिटाला त्यांनी थांबवलं.

“तुमचं गणित चांगलं आहे. पण तुम्ही भिंतीशी बोलून राहिले. फळ्याकडे लिहिण्यापुरतंच वळायचं. पोरगा काय पाहून राहिला, ते त्याच्या डोळ्यांत दिसते, फळ्यात नाही दिसत.”

आतून त्यांच्या बायको चहा घेऊन आल्या. पुष्पलता वहिनी. उंच, सावळ्या, केसांत थोडं पांढरं आलेलं. “पहिल्याच दिवशी त्यांना परीक्षेला काऊन बसवता?” त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, “मनावर नका घेऊ. नवीन माणूस आला की यांना बरं वाटते.”

तेव्हापासून दर गुरुवारी शाळा सुटल्यावर मी त्यांच्याकडे जाऊ लागलो. त्यांनीच बोलावलं होतं. बुधवारी ते नागपूरहून येत, थकलेले असत, पण गुरुवारी बोलता येई. आठवडाभरात काय शिकवलं ते मी सांगे. ते हसत, चिडत, एखादं उदाहरण तीन तऱ्हांनी सोडवून दाखवत. त्यांची मुलगी मंजूषा माझ्याच आठवीच्या वर्गात होती. तीही दाराच्या चौकटीला टेकून ऐके. कधीकधी वडिलांच्या आधी उत्तर देई, आणि ते मला म्हणत, “पाहा, हिला कोणी शिकवलंच नाही, म्हणून येते.”

पाच वर्षांत मला शिकवणारा असा कोणीच भेटला नव्हता. हे खरं आहे. आणि हेही खरं आहे, की त्या ओसरीत चढताना दर गुरुवारी माझी नजर आधी त्यांच्या पायांकडे जाई. सूज उतरलेली दिसली, की मी मनात महिने मोजायला लागे. दिवाळीपर्यंत येतील का, नाताळपर्यंत? मग वहिनी विचारत, “आज बरे दिसतात ना जी?” आणि मी म्हणे, “हो, बरेच बरे दिसतात.” तेवढं बोलायला मला जोर लावावा लागे.

दिवाळीनंतर शाळा उघडली त्या दिवशी लंजे सर रिक्षातून आले. हातात डॉक्टरांचं फिटनेस सर्टिफिकेट होतं. त्यांची साठलेली सगळी रजा संपली होती, आणि एकदा रुजू झाल्याशिवाय पुढचं काही मिळणार नव्हतं. पण नुसत्या सहीसाठी ते आले नव्हते. तलम पांढरा सदरा घातला होता, खिशाला दोन पेनं होती.

टेंभरे बाबूंनी माझ्यापुढं कागद सरकवला. कार्यमुक्त. मी सही केली. सकाळचे साडेदहा वाजले होते आणि मी त्या शाळेचा कोणीच नव्हतो.

“दहावीवर जातो,” लंजे सर म्हणाले. “कापगते, तुम्ही मागच्या बाकावर बसा. पाहा, कसं वाटते.”

मी जाऊन बसलो. त्या दिवशी त्यांनी शिकवलं ते मी आजही सांगू शकतो. शाळेसमोरच्या झेंड्याच्या खांबाची उंची काढायची, खांबावर न चढता. त्यांनी एका मुलाला खिडकीशी उभं केलं, एकाला सावली मोजायला बाहेर पाठवलं. ज्या मुलांना मी तीन महिने गप्प बसवत होतो, ती ओरडून आकडे सांगत होती. लंजे सर फळ्याकडे फार तर चारदा वळले असतील. वीस मिनिटं झाली असतील, नसतील, तेव्हा त्यांच्या हातातला खडू खाली पडला. ते वाकले आणि उठलेच नाहीत. फळ्याखालच्या चौथऱ्यावर हळूच बसले, भिंतीला टेकले आणि म्हणाले, “पुढचं तुम्ही सोडवा.”

मुलांना तो शिकवण्याचाच भाग वाटला. ती वह्यांत मान घालून सोडवू लागली. मला मात्र मागच्या बाकावरून त्यांच्या कपाळावरचा घाम दिसत होता, ओठ पांढरे पडलेले दिसत होते. मी लगेच उठायला हवं होतं. मी उठलो नाही. किती वेळ, ते सांगता येणार नाही. पुढच्या बाकावरची एक मुलगी मागं वळून “सर, सरांकडे पाहा ना” असं म्हणेपर्यंत. त्या वेळात माझ्या डोक्यात एकच विचार होता, की आता हे पुन्हा येणार नाहीत.

मी त्यांना उचललं तेव्हा त्यांना काही वजनच नव्हतं. रिक्षात त्यांचं डोकं माझ्या खांद्यावर होतं. त्यांनी डोळे न उघडता विचारलं, “निघालं का उत्तर?”

“निघालं, सर.”

दुसऱ्या दिवसापासून मला नवं पत्र मिळालं. टेंभरे बाबू म्हणाले, “एक दिवसाचा खंड पडला तुमच्या सेवेत. पण तो काही नडणार नाही.”

लंजे सर जानेवारीत गेले. नागपूरच्या वाटेवर, मौद्याच्या पुढं, गाडीतच. अंत्यविधीला सगळी शाळा तलावाकाठी गेली होती. मंजूषा रडत नव्हती. माझ्याकडे पाहत होती, मीही काहीतरी सांगेन अशी. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि बाजूला झालो.

तेराव्यानंतर डोंगरवार सरांनी मला बोलावलं. टेंभरे बाबूही होते.

“कापगते, तुम्ही त्या घरी जाता. एक काम करा. वहिनींना सांगा, त्यांना अनुकंपावर अर्ज करता येतो.”

“शिपायाच्या जागेसाठी?”

“शिपाई काऊन? बाई बी.एस्सी. आहे. तुम्हाला माहीत नाही? गणित घेऊन. बी.एड.लाही बसली होती, परीक्षेच्या महिन्यात पोरगी झाली म्हणून राहून गेलं. टेंभरे, सांगा ना यांना.”

टेंभरे बाबूंनी समजावलं. नवऱ्याच्या मृत्यूपासून वर्षाच्या आत अर्ज आला पाहिजे. बाईचं बी.एड. नाही, पण ते पूर्ण करायला मुदत मागता येते. मागं एका शाळेत असंच प्रकरण शिक्षणाधिकारी साहेबांनी मंजूर केलं होतं. ती जागा तिच्यासाठी धरून ठेवता येईल.

“आणि तोपर्यंत?” मी विचारलं.

“तोपर्यंत तुम्ही आहातच की. वर्षभर तरी.”

“वर्षानंतर?”

डोंगरवार सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “वर्षानंतर तिची जागा. तिनं अर्ज नाही दिला, तर मात्र रिकामी जागा, तुम्ही शिकलेले, शिवाय चालू कामावर. मी संस्थेला सांगेन की या माणसाकडून काही मागू नका. पण आधी तिला विचारलं पाहिजे. लंजेनं सोळा वर्षं काढली इथं.”

“सांगतो,” मी म्हणालो.

आणि सांगायच्या इराद्यानंच मी गेलो. हे कोणाला पटो न पटो. वाटेत मी शब्दसुद्धा जुळवले होते.

वहिनी ओसरीत एक जुनी फाईल उघडून बसल्या होत्या. खाट उचलून ठेवली होती, त्यामुळे ओसरी फार मोठी वाटत होती.

“बरं झालं आले. मी मंजूला पाठवणारच होती,” त्या म्हणाल्या. “कापगते सर, एक विचारू का? हसू नका.”

“विचारा ना, वहिनी.”

“शिक्षकाच्या बदल्यात शिक्षक लागतो ना, तुम्ही लागले तसा, त्याला काय काय लागते? शिक्षण किती, कागद कोणते?”

मी फाईलकडे पाहिलं.

“नाही, तुम्ही चार-पाच शाळा केल्या. तुमच्याइतकं कोणाला माहीत असणार? माझं बी.एस्सी. झालं आहे.” त्यांनी फाईल माझ्याकडे वळवली. पिवळी पडलेली गुणपत्रिका होती. नागपूर विद्यापीठ, १९८०. गणितात त्यांचे गुण माझ्यापेक्षा जास्त होते. “बी.एड.चे सराव पाठ सगळे झाले होते. लेखी राहिली. आता पुन्हा पहिल्यापासून करावं लागेल, ते ठाऊक आहे मला. करीन मी. पण केलं तर काही होते का? आणि कोणी सांगत होतं, नवरा गेला तर त्याच्या जागेवर घेतात म्हणून. तसं खरंच असते का जी?”

दारात मंजूषा उभी होती, नेहमीसारखी चौकटीला टेकून.

मला आठवतं, त्या वेळी मला राग आला होता. कोणाचा, ते कळत नव्हतं. या बाईला दोन खोल्यांचं का होईना घर आहे, आज ना उद्या पेन्शन येईल, भाऊ आहे. माझ्याकडे काय आहे, असं काहीतरी. एकतिसाव्या वर्षी पाचवी शाळा. आईची वाकडी बोटं. आणि मग माझं तोंड उघडलं, आणि आवाज अगदी शांत, जाणत्या माणसाचा निघाला.

“अनुकंपा असते, वहिनी. पण ती शिपायाच्या नाहीतर बाबूच्या जागेला. शिक्षकाच्या जागेला नसते.”

“नसते?”

“शिक्षकाला आधीच बी.एड. झालेलं लागतं. नवरा गेला त्या तारखेला. नंतर केलेलं चालत नाही.”

“आणि तुमच्यासारखं, रजेच्या जागेवर?”

“त्यालाही तेच. शिवाय वयाची अट असते. आता एवढे तरुण बी.एड. करून फिरतात. मलाच पाहा ना.”

यातलं थोडं खरं होतं. थोडं खरं असल्यामुळेच ते सहज बोलता आलं.

वहिनींनी गुणपत्रिका हातात घेतली, घडीवरून बोट फिरवून तिची घडी केली आणि फाईलमध्ये ठेवली. “बरं झालं तुम्हाला विचारलं,” त्या म्हणाल्या. “दुसऱ्या कोणाला विचारलं असतं तर उगाच आशा लावली असती. मी अर्ज घेऊन फिरली असती, लोक हसले असते.” मग त्या आत गेल्या आणि टाचणाच्या वह्यांचा गठ्ठा घेऊन आल्या. “हे तुम्ही ठेवा. ते म्हणत होते, कापगतेला द्या, तो शिकून राहिला.”

मी तो गठ्ठा घेतला. घ्यायला नको होता, पण नाही म्हणायला कारण काय सांगणार होतो?

मंजूषा मला फाटकापर्यंत सोडायला आली. “सर, आई झाली असती ना हो चांगली टीचर?” तिनं विचारलं.

“झाली असती,” मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी डोंगरवार सरांनी विचारलं, “काय म्हणाल्या?”

“नाही म्हणाल्या, सर. त्यांचं मन लागत नाही इथं. तिरोड्याला भावाकडे जायचं म्हणतात.”

“अर्ज नाही करायचा?”

“नाही म्हणाल्या.”

“मी एकदा जाऊन येऊ का?” ते म्हणाले.

“जा ना सर. पण नाव काढलं की रडतात. त्या जागेवर आपल्याला उभंच राहवणार नाही म्हणतात.”

ते गेले नाहीत. अशा घरी जायला माणसाला नको असतं; कोणी अडवलं तर बरंच वाटतं. मला ते ठाऊक होतं, म्हणूनच मी तसं बोललो.

मार्चमध्ये परीक्षा झाल्या आणि वहिनी खरंच तिरोड्याला गेल्या. तेवढं मी बोललेलं खरं झालं. टेम्पोत सामान चढवायला मीही गेलो होतो. वर्ष सरलं. जानेवारीत अर्जाची मुदत संपली त्या दिवशी मी आठवीला अपूर्णांक शिकवत होतो आणि तारीख लिहिताना हात थांबला, एवढंच. डोंगरवार सरांनी शब्द पाळला. संस्थेनं माझ्याकडून काही घेतलं नाही. मेमध्ये शिक्षणाधिकाऱ्यांची मान्यता आली, जूनमध्ये माझं लग्न झालं. आई मांडवात सगळ्यांना सांगत होती, “माझा मुरली आता पक्का झाला.”

ऑगस्टमध्ये एके दिवशी मधल्या सुट्टीत मी हजेरीपट ठेवायला कार्यालयात गेलो, तर वहिनी टेंभरे बाबूंसमोरच्या खुर्चीवर बसल्या होत्या. पेन्शनचं प्रकरण सेवापुस्तकातल्या जन्मतारखेच्या एका चुकीवर अडलं होतं, तिच्या दुरुस्तीसाठी आल्या होत्या. पायात बसच्या धुळीनं माखलेल्या चपला. दीड वर्षात केस पुरते पांढरे झाले होते.

“कापगते सर,” त्या उठायला लागल्या.

“बसा, बसा वहिनी. कशा आहात?”

“आहे. एका कॉन्व्हेंटमध्ये जाते, लहान पोरांना सांभाळायला. शिकवायचं नाही, नुसतं सांभाळायचं.” त्या हसल्या. “लग्न झालं म्हणे तुमचं. चांगलं झालं.”

“मंजूषा?”

“घरी असते. भावजयीचं बाळंतपण आहे, मदतीला कोणी पाहिजे. यंदा शाळा नाही. भाऊ म्हणते पुढच्या वर्षी पाहू.” त्यांनी पदरानं कपाळ पुसलं. “तिचं दहावीचं वर्ष होतं.”

टेंभरे बाबू सेवापुस्तकाचं पान शोधत होते. ते भले गृहस्थ. शांतता त्यांना सोसत नसे. मान वर न करता ते म्हणाले, “तुम्हीच नाही म्हटलं ना बाई तेव्हा. नाहीतर आज तुम्ही या शाळेत असत्या, पोरगी तुमच्या डोळ्यासमोर शिकली असती. डोंगरवार सरांनी तर तुमच्यासाठी जागा धरून ठेवायची तयारी केली होती. बी.एड.ला मुदतही मिळाली असती. रिटायर झाले त्या दिवसापर्यंत म्हणत होते, लंजेच्या बाईनं अर्ज काऊन नाही दिला?”

दारातून डोंगरवार सरांच्या जागी आलेले नवे मुख्याध्यापक आत येत होते. एक शिपाई पाण्याचा तांब्या घेऊन उभा होता. मी हजेरीपट छातीशी धरून उभा होतो.

वहिनींनी आधी टेंभरे बाबूंकडे पाहिलं. वहिनींना काही कळलं नव्हतं, हे दिसत होतं. मग ते हळूहळू कळत गेलेलं दिसलं. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी नजर वळवली नाही, एवढंच म्हणू शकतो. त्यात काही धाडस नव्हतं, मला मान हलवताच येत नव्हती.

“कोणाबरोबर निरोप पाठवला होता सरांनी?” त्यांनी टेंभरे बाबूंना विचारलं. आवाज अगदी साधा.

“यांच्याबरोबरच की. कापगते सरांबरोबर. तुम्ही नाही म्हणाल्या ना यांना?”

शिपायानं तांब्या टेबलावर ठेवला. वहिनी पाण्याकडे पाहत बसल्या. मला वाटलं, आता बोलतील. मला तर वाटत होतं, बोलावं. नवे मुख्याध्यापक होते, साक्षीला टेंभरे होते. एकदा बोलल्या असत्या तर मी तिथंच सगळं कबूल केलं असतं.

“हो,” वहिनी म्हणाल्या. “मीच नाही म्हटलं होतं. माझं मन नव्हतं तेव्हा.”

“पाहा,” टेंभरे बाबू म्हणाले आणि सेवापुस्तक त्यांच्यापुढं ठेवलं. “इथं सही करा.”

त्यांनी सही केली. अक्षर सरळ होतं, मास्तरणीसारखं. कागद पिशवीत ठेवले आणि त्या उठल्या. मी त्यांच्या मागोमाग व्हरांड्यात गेलो.

“वहिनी.”

त्या थांबल्या. मागं वळल्या नाहीत.

“वहिनी, मी... माझी तेव्हा...”

“आता मुदत संपली ना जी?” त्या म्हणाल्या.

“संपली.”

“मंग सांगून मला काय मिळालं असतं? तुमची नोकरी गेली असती, तेवढंच.” थोडा वेळ त्या मैदानात खेळणाऱ्या मुलांकडे पाहत राहिल्या. “घरी कोणी वाट पाहणारं आलं तुमच्या. नवी पोर आहे. तिचं काय चुकलं?”

मी त्यांच्या पायांकडे वाकलो, तसं त्यांनी पाय मागं घेतले. पटकन, चटका बसल्यासारखे.

“नको,” त्या म्हणाल्या. “ते नका करू.”

घंटा झाली. मुलं वर्गांकडे धावली. वहिनी म्हणाल्या, “तास असेल तुमचा. जा.” आणि फाटकाकडे चालू लागल्या. साकोलीची बस तीनला होती. त्यांना बराच वेळ थांबावं लागणार होतं. बसथांब्यापाशी तेव्हा सावलीही नव्हती.

मी दहावीच्या वर्गात गेलो. मुलं उभी राहिली, “नमस्ते सर” म्हणाली. मी म्हणालो, बसा. त्यानंतर पंचवीस वर्षं मी त्या शाळेत रोज तेच म्हणत आलो. गेल्या वर्षी निवृत्त झालो तेव्हा निरोप समारंभात एका जुन्या विद्यार्थ्यानं सांगितलं, की कापगते सरांनी आम्हाला गणित शिकवलं, पण ते कधी आमच्या डोळ्यांत पाहून बोलले नाहीत. सगळे हसले. तो प्रेमानंच म्हणाला होता.